डिटामधलं कंडिशनल फिल्टरिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या यंत्रमागांसाठी देखभालीची पुस्तिका करायची, तर एकाच पुस्तिकेच्या चार आवृत्त्या लागतात. माग डॉबीचा की जकार्डचा (नक्षी विणायच्या दोन यंत्रणा), आणि वाचणारा कामगार की जॉबर (मागांची देखभाल करणारा). मजकूर बहुतेक सारखाच. चार वेगळ्या फायली ठेवल्या, की तेल घालायची मुदत एकीत बदलते आणि तिघींत जुनीच राहते. म्हणून हे काम डिटा १.३ मध्ये (तांत्रिक मजकूर तुकड्यांत लिहायचं, एक्सएमएलवर आधारलेलं मानक), ऑक्सिजन एक्सएमएल एडिटर या सॉफ्टवेअरवर. फिल्टरिंग, म्हणजे अटीनुसार मजकूर ठेवणं किंवा गाळणं, भरवशाचं आहे. फक्त 'सांगितलं नाही तर छापा' हा त्याचा मूळ नियम पहिल्याच दिवशी उलटा करून घ्यावा.

प्रॉडक्ट (मागाचा प्रकार) आणि ऑडियन्स (वाचणारा) हे दोन ॲट्रिब्यूट, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला लावायच्या खुणा, पुरतात. ऑक्सिजनच्या प्रेफरन्सेसमधल्या प्रोफायलिंगच्या पानावर त्यांच्या व्हॅल्यू (डॉबी, जकार्ड, कामगार, जॉबर) भरा आणि प्रत्येकीला रंग द्या. चुकीच्या पायरीला लागलेली व्हॅल्यू लिहितानाच डोळ्यात भरते. व्हॅल्यूत स्पेस नको, स्पेसनंतर दुसरी व्हॅल्यू सुरू होते. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरंही वेगळी धरली जातात. लिहिणारे एकापेक्षा जास्त असतील तर व्हॅल्यूंची यादी सब्जेक्ट स्कीम मॅपमध्येच (चालणाऱ्या व्हॅल्यू ठरवून देणारी डिटाची फाइल) बांधून टाका.

आता डिटाव्हॅल फाइल: कोणती व्हॅल्यू छापायची आणि कोणती गाळायची हे ती सांगते, आणि प्रत्येक पुस्तिकेची ती वेगळी. तिच्यात उल्लेख नसलेली व्हॅल्यू आपोआप छापली जाते. उद्या 'रेपियर' (मागाचा आणखी एक प्रकार) ही नवी व्हॅल्यू आली, तर ती चारही पुस्तिकांत घुसणार. त्यामुळे सगळ्यात वर ॲट्रिब्यूट आणि व्हॅल्यू न देता नुसता 'एक्सक्लूड'चा (गाळा) प्रॉप, म्हणजे नियमाची ओळ, ठेवा आणि खाली हव्या त्या व्हॅल्यूंना 'इन्क्लूड' (छापा) द्या. जॉबरला कामगाराचा मजकूरही लागतो, तेव्हा त्याच्या फाइलीत ऑडियन्सच्या दोन्ही व्हॅल्यू येतात. यात एक धोका आहे: स्पेलिंग चुकलेली पायरी गुपचूप गळते. 'मेन स्विच बंद करा' यासारख्या सूचनेला म्हणूनच कोणतीही अट लावू नये. अट नसलेला मजकूर कायम छापला जातो.

एका ॲट्रिब्यूटमध्ये दोन व्हॅल्यू असतील तर त्यातली एक चालली तरी मजकूर राहतो. दोन वेगळ्या ॲट्रिब्यूटना मात्र दोन्हीकडून होकार लागतो. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

मराठीत सर्वात जास्त जपायचं ते वाक्याच्या मधल्या अटीला. 'डॉबी बंद झाली की' या वाक्यात फक्त 'डॉबी'वर अट लावून शेजारी 'जकार्ड' ठेवलं, तर 'जकार्ड बंद झाली की' असं छापून येतं. लिंग बदललं की क्रियापद बदलतं, आणि फिल्टरला व्याकरण कळत नाही. तेलुगू किंवा कन्नड भाषांतराला असे तुकडे गेले तर आणखी पंचाईत. अट पूर्ण पायरीवरच लावा. एक ओळ दोनदा लिहावी लागली तरी चालेल.

यादीतले सगळे मुद्दे गळाले तर रिकामी यादी मागे उरते, तेव्हा अट यादीवरच द्या. गळालेल्या टॉपिककडे (मजकुराच्या स्वतंत्र घटकाकडे) जाणारे दुवे तुटतात. 'व्हॅलिडेट अँड चेक फॉर कम्प्लीटनेस' ही ऑक्सिजनमधली तपासणी चालवताना डिटाव्हॅल जोडली तरच ते सापडतात, आणि ही तपासणी चारही डिटाव्हॅल फायलींसाठी करावी लागते. तक्त्याची ओळ गाळता येते, स्तंभ गाळता येत नाही. डॉबी आणि जकार्डचे वंगणाचे तक्ते शेजारीशेजारी स्तंभांत मांडलेले असतील, तर ते आडवे करून प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र ओळ द्या.