यूव्हर्जन बायबल अ‍ॅप मराठीतून: फॉरवर्ड करायला नव्हे, सोबत वाचायला

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत छापील बायबल कपाटात आणि हे अ‍ॅप फोनमध्ये, असं चित्र आता सर्रास दिसतं. अमेरिकेतल्या लाइफ चर्च या मंडळीने 2008 मध्ये ते काढलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि नुसतं वाचायला खातंही उघडावं लागत नाही. अ‍ॅपबद्दल आमची तक्रार थोडी आहे. ते ज्या कामाला लावलं जातं त्याबद्दल जास्त. पहाटे सूर्योदयाच्या फोटोवर एक वचन, ते चार ग्रुपवर, खाली हात जोडलेल्यांची रांग, आणि दिवसाची साक्ष झाली! शिष्यत्वाला, म्हणजे येशूच्या मागे चालायला शिकण्याला, खरोखर उपयोगी पडणारी सोय, मित्रांसोबतची वाचन योजना, याच अ‍ॅपमध्ये दोन टिचक्यांवर आहे, पण तिकडे बोट क्वचितच जातं.

आधी आवृत्तीचं बघू, कारण पहिली चूक तिथेच होते. मराठीत अनेक आवृत्त्या आहेत. उपासनेत वाचली जाते ती भारतीय बायबल सोसायटीची आर.व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) आवृत्ती, पाठांतर केलेली वचनं तिच्याशीच जुळतात, म्हणून मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तीच ठेवावी. नव्याने वाचणाऱ्याच्या, विशेषतः ख्रिस्ती नसलेल्या मित्राच्या हाती मात्र ती पहिल्याच दिवशी देऊ नये. वाक्यं लांब, क्रियापद शेवटी कुठेतरी, आणि तोवर माणूस थकलेला. त्याच्यासाठी बायबल सोसायटीचाच सुलभ भाषेतला नवा करार किंवा समकालीन आवृत्ती बरी. सोप्या मराठीचा आग्रह काही आजचा नाही. साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांवरून अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. त्या 1922 मध्ये गेल्या आणि ते पूर्ण बायबल 1924 मध्ये छापून बाहेर पडलं. सोपं वाचणं म्हणजे कमी भक्तीचं, असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

इंदूरची अडचण जरा निराळी आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, अशा मुलांना देवनागरी सरसर वाचता येते, पण मराठी शास्त्रपाठ डोक्यात शिरत नाही. अ‍ॅपमध्ये वचनावर बोट ठेवून ‘तुलना’ घेतली आणि हिंदी आवृत्ती निवडली की तेच वचन हिंदीत खाली दिसतं. ही सोय उत्तम. फक्त पुस्तकांची नावं आधी सांगून ठेवा: आपला मत्तय तिकडे मत्ती, मार्क तिकडे मरकुस, योहान तिकडे यूहन्ना. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या बायबल वर्गात, ‘मार्क काढा’ म्हटल्यावर निम्मी मुलं नुसती स्क्रीन सरकवत बसतात, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

आता मुख्य गोष्ट: मित्रांसोबत वाचन योजना. यासाठी खातं लागतं. योजना निवडायची, ‘मित्रांसोबत’ घ्यायची, सुरुवातीची तारीख ठरवायची आणि निमंत्रणाची लिंक पाठवायची. रोजचा उतारा वाचून झाला की शेवटी चर्चेची जागा येते. तिथे प्रत्येकाने लिहिलेलं सगळ्यांना दिसतं. कोण वाचतोय आणि कोण मागे पडलाय तेही कळतं.

योजना निवडताना एक खोच आहे. मराठी योजना इंग्रजीच्या मानाने मोजक्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा भाषांतरित. त्यातले दाखले परक्या जगण्यातले, सल्ला गुळगुळीत. त्यापेक्षा जिच्यात टिपण जवळजवळ नाही, नुसते उताऱ्यांचे संदर्भ आहेत, अशी योजना घ्या, मग ती इंग्रजी यादीतली असली तरी चालेल. कारण योजनेतलं टिपण तिच्या भाषेत राहतं, पण शास्त्रपाठ तुम्ही लावलेल्या मराठी आवृत्तीतच उघडतो. टिपण गाळायचं आणि बोलायचं आपण.

सुरुवात मार्कपासून. अध्याय 16, म्हणजे सोमवार ते गुरुवार रोज एक धरला तर चार आठवड्यांत शुभवर्तमान पूर्ण. शुक्रवार राहिलेलं वाचायला मोकळा ठेवा आणि शनिवारी संध्याकाळी समोरासमोर 40 मिनिटं बसा. अध्याय सारखे नाहीत याची कल्पना आधीच द्यावी: पहिला 45 वचनांचा आहे आणि चौदावा तब्बल 72 वचनांचा, चौथ्या आठवड्यात गळती लागते ती इथेच. चौदावा दोन दिवसांत वाटून घ्या आणि शुक्रवार वापरा.

शनिवारी सगळे चार अध्याय घेऊन बसू नका. आठवड्याला एकच उतारा, जमेल तेवढा छोटा: पहिल्या आठवड्यात 2:1-12 (छपरातून खाली सोडलेला पक्षाघाती), दुसऱ्यात 5:1-20 (कबरांमध्ये राहणारा माणूस), तिसऱ्यात 10:46-52 (बार्तीमय), चौथ्यात 14:66-72 (पेत्राचा नकार). दहा मिनिटं गेल्या आठवड्याची खबरबात, पाच मिनिटं उतारा मोठ्याने दोनदा, वीस मिनिटं प्रश्न, पाच मिनिटं प्रार्थना. प्रश्न चारच: यातून देवाबद्दल काय कळतं, माणसाबद्दल काय कळतं, या आठवड्यात मी नेमकं काय करणार, आणि हे कोणाला सांगणार.

बिघडतं ते तिसऱ्या प्रश्नावर. ‘मी जास्त प्रार्थना करीन’, ‘प्रभूवर विश्वास वाढवीन’ ही उत्तरं ऐकायला गोड, पण पुढच्या शनिवारी विचारायचं काय? ‘बुधवारपर्यंत भावाला फोन करून घराच्या वाटणीवरून बंद झालेलं बोलणं सुरू करीन’ हे उत्तर चालेल. वार, माणूस आणि काम, तिन्ही हवीत. अ‍ॅपच्या चर्चेत हे त्याच दिवशी लिहून ठेवलं की कोणी विसरल्याचं सोंग आणू शकत नाही. शिष्यत्वाचा कस लागतो तो याच रकान्यात.

दुसरी गडबड म्हणजे संख्या. तिघं उत्तम, चौघं ठीक; पाचच्या पुढे गेलं की दोघं बोलतात आणि बाकीचे ‘आमेन’ लिहितात. पाळकसाहेबांना ग्रुपमध्ये घेतलं तर त्यांनी पहिली प्रतिक्रिया लिहू नये, ही आमची नम्र विनंती. त्यांनी अर्थ सांगितला की पुढे कोणाची हिंमत होत नाही. मुलांनी हिंदीत किंवा रोमन लिपीत लिहिलं तर शुद्धलेखन काढत बसू नका. आणि पौलाने तीमथ्याला सांगितलेला क्रम (ऐकलेलं पुढे इतरांना शिकवतील अशांकडे सोपवायचं, 2 तीमथ्य 2:2) ध्यानात ठेवून, मार्क संपल्यावर तेच तिघं पुन्हा बसण्यापेक्षा प्रत्येकाने आणखी दोघांना घेऊन नवी योजना सुरू करावी. तसं न झाल्यास तो गप्पांचा कट्टा होतो. वाईट नव्हे, पण वेगळा.

वचनचित्रांना मात्र आमचे कमी गुण. सोय चांगली चालते, चित्रं सुबक निघतात, पण एक वचन अध्यायातून कापून काढलं की त्याचा अर्थ हमखास घसरतो. यिर्मया 29:11 घ्या, नोकरी गेलेल्याला हमखास पाठवलं जाणारं. ते बाबेलात कैद होऊन गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात 70 वर्षांची मुदत आहे. फिलिप्पै 4:13 परीक्षेच्या दिवसांत फिरतं. त्याच्या अलीकडची दोन वचनं उपासमार आणि विपुलता दोन्हींत तृप्त राहण्याबद्दल आहेत, आणि लिहिणारा बंदिवासात आहे. पाठवायचंच असेल तर चित्राऐवजी लिंक पाठवा. ती अ‍ॅप नसलेल्याच्या फोनवरही उघडते, तुमच्याच आवृत्तीत उघडते, आणि तिथून पूर्ण अध्याय वाचता येतो. सोबत स्वतःची एक ओळ लिहा: हे तुम्हालाच का पाठवलं.

शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे अ‍ॅप कसं वापरावं? शक्यतो उशिरा. आधी संबंध हवा. आजारपणात डबा, शेजाऱ्यांच्या मुलाच्या परीक्षेची आठवण, सोसायटीच्या कामात खांदा. कोणी ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणालं तर नाव आणि विषय नीट विचारून घ्या, त्यांची हरकत नसेल तर तिथेच दोन वाक्यांत प्रार्थना करा, आणि आठवड्याने पुन्हा चौकशी करा. ही चौकशी बहुतेक जण विसरतात. प्रभूने काय केलं हे विचारलं गेलं, तर दोन मिनिटांत सांगता यावं: आधी कसं होतं, काय घडलं, आता काय बदललं. मंडळीतली भाषा बाजूला ठेवा आणि त्यांच्या देवांबद्दल वावगा शब्द नको. कबरांतल्या त्या माणसाला येशूने आपल्याबरोबर येऊ दिलं नाही, घरी जाऊन आपल्या माणसांना सांग म्हटलं; प्रवचन करायला सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःहून ‘कुठे वाचता येईल?’ विचारलं, की मग अ‍ॅप काढा.

इथे मध्य प्रदेशातला कायदाही माहीत हवा. 2021 च्या धार्मिक स्वातंत्र्य कायद्यात बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन दाखवून धर्मांतर घडवणं गुन्हा आहे, आणि प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू, पैसा, नोकरी, शिक्षण, चांगल्या राहणीमानाचं आश्वासन असं सगळं येतं. म्हणून मदत आणि वाचन यांची सरमिसळ कधीही नको. राशन दिलं त्याच दिवशी लिंक देऊ नये. विचारल्याशिवाय कोणाचा नंबर ग्रुपमध्ये टाकू नये, आणि दुसऱ्यांच्या अल्पवयीन मुलांना आईवडिलांच्या नकळत योजनेत घेऊ नये. कायदा नसता तरी हे सभ्यपणाचंच आहे; 1 पेत्र 3:15 मध्ये उत्तर देण्याची तयारी सांगितली आहे ती विचारणाऱ्यासाठी, आणि तीही सौम्यतेने.

बाकीचं थोडक्यात. ज्या आवृत्तीपुढे डाउनलोडची खूण आहे तीच नेटशिवाय चालते, सगळ्या नाही. महूच्या पुढे पातालपाणीच्या बाजूला मंडळीची सहल जाणार असेल तर आदल्या रात्रीच उतरवून घ्या. स्पीकरची खूण असलेल्या आवृत्तीला आवाज आहे. मोतीबिंदू झालेल्या आजी-आजोबांसाठी ही सर्वांत मोठी देणगी, आणि वेगही कमी करता येतो. रोज अ‍ॅप उघडल्याची साखळी मोजणारा आकडा मात्र आम्हाला पटत नाही: उघडून लगेच बंद केलं तरी तो वाढतो आणि तापाच्या दिवशी तुटला की उगाच अपराधी वाटतं. उपासना संगीतातली गीतं इथे नाहीत, ते पुस्तक वेगळं ठेवावंच लागेल.

कोणाच्या घरी फोनवरून शास्त्रपाठ वाचणार असाल तर आधी ‘व्यत्यय नको’ चालू करा, अक्षर मोठं करा आणि फोन यजमानांच्या हाती द्या. तुमच्याच हातात राहिला तर समोरच्या म्हातारबाबांना तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप बघताय असंच वाटतं.