सात वर्षांच्या लॅपटॉपला नवी मेमरी आणि एसएसडी : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेची खजिनदार म्हणून मला जे काम करावे लागते, म्हणजे देखभाल शुल्काची बिले, पावत्या, थकबाकीच्या याद्या आणि सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठीचे हिशेब, ते सगळे २०१८ साली घेतलेल्या एकाच लॅपटॉपवर चालते. त्यात इंटेलचा कोअर आय३-६००६यू प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर४ रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी), मिनिटाला ५४०० फेरे घेणारी १ टीबीची हार्ड डिस्क आणि ६४ बिटांचे विंडोज १० होते. २०२४ च्या दिवाळीपर्यंत तो इतका रखडू लागला होता की बटण दाबून मी कुकर चढवून येई, तरीही माउसच्या बाणाशेजारचे निळे वर्तुळ फिरतच असे. घड्याळ लावून पाहिले तेव्हा बटण दाबल्यापासून एक्सेलची फाइल प्रत्यक्ष उघडेपर्यंत ४ मिनिटे १० सेकंद गेले.

स्टेशनकडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप सुरूही न करता मला सांगण्यात आले की रॅम वाढवा, सगळे ठीक होईल. हा सल्ला निम्माच बरोबर होता, आणि उरलेला निम्मा शोधून काढायला मला दोन महिने लागले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

रॅम कमी पडत होती यात शंका नव्हती. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे काय चालू आहे आणि किती मेमरी लागते ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, ब्राउझरचे चार टॅब आणि एक्सेल उघडे असताना ३.९ जीबीपैकी ३.५ जीबी व्यापलेली दिसत होती. जागा संपली की विंडोज मेमरीतला मजकूर हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते, त्यामुळे एका खिडकीतून दुसरीत जाताना दर वेळी आठ-दहा सेकंद थांबावे लागे. त्याच पानावर दोनपैकी एकच स्लॉट (मेमरीची पट्टी बसवायची जागा) वापरात असल्याचेही लिहिलेले होते, म्हणून जुनी ४ जीबीची पट्टी न काढता शेजारी ८ जीबीची बसवायचे मी ठरवले. विकत घेताना एवढेच पाहावे लागते की पट्टी डीडीआर४ची आणि लॅपटॉपसाठीची, म्हणजे आकाराने लहान, असावी. डीडीआर३च्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, ती या स्लॉटमध्ये बसतच नाही. मला २६६६ वेगाची पट्टी मिळाली. हा प्रोसेसर मेमरी २१३३च्या वर चालवत नाही, त्यामुळे तीही २१३३वरच चालते, पण त्याने काही बिघडत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एका रविवारी मी स्वतः ती बसवली. शिफ्टची कळ दाबून धरून लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला आणि तळाचे अकरा स्क्रू काढले. त्यांतले दोन मागच्या रबरी पायांखाली लपलेले होते. कडेच्या खाचेत जुने एटीएम कार्ड घालून ते हळूहळू सरकवत नेले की तळाचे झाकण एकेक टिचकी वाजवत सुटते, तिथे घाई केली तर आतले प्लास्टिकचे आकडे मोडतात. आधी बॅटरीची जोडणी सोडवली, मग पट्टी तिरकी धरून सोनेरी कड आत जाईपर्यंत सरकवली आणि खाली दाबली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चिमट्यांनी ती एकदमच पकडली. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा बराच वेळ काळा राहिला आणि माझा जीव टांगणीला लागला, पण नव्या मेमरीची ओळख पटवून घेताना पहिल्या खेपेला असा उशीर होतो.

काम करतानाचा फरक त्याच दिवशी कळला. दोनशे सत्तावीस सदनिकांची बिले तयार करताना एक्सेल, पीडीएफ आणि बँकेचे संकेतस्थळ एकाच वेळी उघडे ठेवता येऊ लागले. सुरू होण्याचा वेळ मात्र ४ मिनिटे १० सेकंदांवरून ३ मिनिटे ४० सेकंदांवर आला, एवढेच. वापरताना रखडणे आणि सुरू होताना रखडणे ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे माझ्या तिथे ध्यानात आले.

मग मी शोध घ्यायला लागले. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर 'लास्ट बायोस टाइम' ७ सेकंद दिसत होता, म्हणजे विंडोजच्या हाती सूत्रे येण्याआधीचा भाग निर्दोष होता. त्याच पानावर आपोआप सुरू होणारे नऊ प्रोग्रॅम होते. त्यांत २०१९ मध्ये विकलेल्या प्रिंटरचा एक आणि एका मीटिंगसाठी एकदाच वापरलेला दुसरा होता. सहा बंद केले, साधारण अर्धा मिनिट वाचला.

दुसरी गोष्ट मला खरोखर आश्चर्यकारक वाटली. मी रोज रात्री लॅपटॉप बंद करत होते, तरी 'अप टाइम'च्या, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे त्याच्या, रकान्यात अकरा दिवस दिसत होते. याचे कारण 'फास्ट स्टार्टअप'. विंडोज ८पासून आलेल्या या सोयीत 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो, खरी नवी सुरुवात फक्त 'रीस्टार्ट' केल्यावर होते. त्यामुळे वेळ मोजायचा तर रीस्टार्ट करून मोजावा, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. माझ्याकडे ही सोय बंद केल्यावर ड्रायव्हरच्या (लॅपटॉपचे भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) बारीकसारीक तक्रारीही थांबल्या.

एवढे करूनही वेळ तीन मिनिटांच्या खाली येईना. लॉगिननंतर पहिली दोन मिनिटे टास्क मॅनेजरमधला डिस्कच्या वापराचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटून राही, आणि त्याच वेळी वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम १ ते २ एमबी असे. हार्ड डिस्कच्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, आणि सुरू होताना विंडोजला हव्या असतात त्या हजारो लहान फाइली तबकडीवर विखुरलेल्या असतात. प्रत्येकीसाठी वाचणारे टोक हलवावे लागते आणि फेरा फिरून येण्याची वाट पाहावी लागते. यावर रॅम कितीही वाढवली तरी उपाय होत नाही, कारण मेमरी भरण्याआधी माहिती एकदा तरी डिस्कवरून वाचावीच लागते.

मार्च महिन्यात दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ५०० जीबीची २.५ इंची साटा एसएसडी आणली, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी, पण फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करण्याऐवजी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकले, आणि परवान्याची नोंद मदरबोर्डशी जोडलेली असल्यामुळे ते आपोआप सक्रिय झाले. हिशेबाच्या फाइली आधीच दोन ठिकाणी उतरवून घेतल्या होत्या, ते केल्याशिवाय स्क्रूला हातही लावू नये. बटणापासून एक्सेलपर्यंतचा वेळ २३ सेकंदांवर आला.

जून महिन्यात लेखापरीक्षणासाठी जुन्या स्कॅन केलेल्या पावत्या हाताशी असाव्यात म्हणून मी जुनी हार्ड डिस्क डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत, म्हणजे त्या जागेत डिस्क बसवायच्या चौकटीत, बसवली. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, आपला ड्राइव्ह मोजूनच ती घ्यावी. जुलैच्या मध्यावर सुरू होण्याचा वेळ २३ सेकंदांवरून दीड मिनिटावर गेला. पावसाळ्यातल्या दमट हवेत मेमरीचा संपर्क बिघडला असेल असे मला वाटले. विंडोजची मेमरी तपासणी रात्रभर दोनदा चालवली, एकही चूक निघाली नाही. मग विंडोजच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारे इव्हेंट व्ह्यूअर उघडले. 'डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स'मधील १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत लिहिलेला असतो. तिथला वाढीव वेळ आणि सिस्टिमच्या नोंदीतील ७ क्रमांकाची, डिस्कवर खराब ब्लॉक असल्याची सूचना, या दोन्ही एकाच मिनिटातल्या होत्या. डिस्कची प्रकृती तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमनेही त्या डिस्कच्या खराब होऊ घातलेल्या सेक्टरांबद्दल (माहिती साठवण्याच्या लहान भागांबद्दल) इशारा दिला. विंडोज जुन्या डिस्कवर नसले तरी सुरू होताना ते तिला विचारतेच, आणि बिघडलेली जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत ती सगळ्यांना थांबवून ठेवते. पावत्या बाहेरच्या ड्राइव्हवर घेतल्या, कॅडी काढली आणि वेळ पुन्हा २३ सेकंद झाला. सर्वसाधारण सभेचे कागद यंदा प्रथमच आठवडाभर आधी छापून झाले.

या लॅपटॉपची मर्यादा आता वेगळ्याच बाजूने आली आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि सहाव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाही. मी घरगुती वापरकर्त्यांसाठीच्या वाढीव सुरक्षा अद्यतनांत नाव नोंदवले आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. तोवर दुसरी ८ जीबीची पट्टी घेण्याचा विचार मी सोडून दिला आहे, कारण ऑक्टोबरमध्ये बिलांच्या सगळ्यांत धावपळीच्या दिवशीही १२ जीबीपैकी ७.२ जीबीच वापरात होती.