वर्डप्रेसवर संस्थेची वेबसाइट: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर (आणि फॉर्मच्या त्या हिरव्या ओळीबद्दल)

थीम, प्लगइन, डॅशबोर्ड म्हणजे काय हे इथे सांगत बसत नाही. २००३ पासून चालत आलेलं, मोफत, आणि जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट ज्यावर उभ्या आहेत असं वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं आणि चालवायचं साधन. स्वयंसेवकांच्या वेळेवर चालणाऱ्या छोट्या संस्थेने तेच निवडावं यात नवल नाही. आम्हीही निवडलं, आणि पहिले काही महिने कुरकुरीला जागा नव्हती.

मग एका देणगीदार बाईंचा फोन आला. संपर्क फॉर्म दोनदा भरला, पावती मागितली, उत्तर का नाही? इनबॉक्स बघितला, स्पॅम बघितलं, काही नाही. फॉर्म स्वतः भरून पाहिला, तर खाली हिरवी ओळ आली: ‘तुमचा संदेश पाठवला आहे.’ मेल मात्र आलीच नाही. म्हणजे किती लोकांनी मदत मागितली, किती जणांनी स्वयंसेवक व्हायचं म्हणून लिहिलं आणि आमच्या मौनाचा काय अर्थ लावला, हे आता कधीच कळणार नाही. दुकानाचं एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. मदत मागायला धीर गोळा करून लिहिणारा माणूस पुन्हा लिहीत नाही.

कारण शोधलं. मेल पोचली की नाही हे वर्डप्रेसला कळतच नाही. त्याने मेल सर्व्हरच्या हवाली केली आणि सर्व्हरने ती घेतली, की हिरवी ओळ दिसते. पुढे ती अडवली गेली का, फेकली गेली का, याची खबर वर्डप्रेसला नाही. त्यातून आमचा फॉर्म ज्यांनी बसवला त्यांनी प्रेषक म्हणून फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता ठेवला होता. म्हणजे आमचा सर्व्हर दुसऱ्याच्या जीमेल पत्त्याच्या नावाने मेल पाठवत होता. अशी मेल कोण आत घेईल? प्रेषक म्हणून संस्थेचा पत्ता हवा, आणि भरणाऱ्याचा पत्ता ‘उत्तर पाठवा’च्या रकान्यात.

शिवाय आमच्या डोमेनच्या (वेबसाइटच्या नावाच्या) एसपीएफ नोंदीत, म्हणजे त्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीत, वेबसाइट जिथे ठेवली आहे तो होस्टिंगचा सर्व्हर नव्हताच, आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनची असल्याची डिजिटल सही, मुळीच नव्हतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या बाबतीत कडक झाले आहेत. प्रत्येक पाठवणाऱ्याकडे यातलं एक तरी हवंच. दिवसाला ५,००० च्या आसपास मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही हवीत, वर डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) आणि एका क्लिकवर वार्तापत्र थांबवायची सोय. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायच्या, म्हणजे हजारांत तिघांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं की मर्यादा गाठली. नाव काढून टाकण्याचा दुवा बारीक अक्षरात लपवणाऱ्या संस्थांनी हे लक्षात घ्यावं. बाहेर पडायची वाट सापडली नाही की लोक स्पॅमच दाबतात.

दुरुस्ती म्हणाल तर डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या या नोंदी जिथे राहतात तिथे, दोन-तीन ओळी. पण डीएनएसच्या किल्ल्या वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीच्या खात्यात! आधी उत्तरच नाही. मग म्हणे वार्षिक देखभाल घ्या, मग करू. ज्या संस्थेत साधी झेरॉक्ससुद्धा विचार करून काढतात, तिने एका ओळीसाठी वर्षाचं पॅकेज घ्यायचं? शेवटी विश्वस्तांचं पत्र गेलं, तेव्हा काम झालं, तेही चुकीचं. जुनी एसपीएफ नोंद तशीच ठेवून शेजारी दुसरी टाकली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन दिसल्या की तपासणी त्रुटी दाखवून थांबते, मग दोन्ही असून नसल्यासारख्या.

इथवर लिहिलं तेव्हा दोन चांदण्या द्यायच्या ठरवल्या होत्या. पुढचा भाग डोमेन आमच्या ताब्यात आल्यावर लिहितोय, आणि मत बदललं आहे. नोंदणीत मालक म्हणून संस्थेचंच नाव होतं, त्यामुळे डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायला लागणारा हस्तांतराचा कोड मागता आला. डॉट ऑर्गसारख्या डोमेनसाठी तो मागितल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो, असा आयकॅनचा, म्हणजे डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या जागतिक संस्थेचा, नियमच आहे. तुमच्या नोंदणीत कुणाचं नाव आहे ते आजच बघा. एखाद्या जुन्या कार्यकर्त्याचं असेल तर त्याच्याशी संबंध चांगले आहेत तोवर बदलून घ्या.

नोंदी नीट केल्या, मेल संस्थेच्या खऱ्या खात्यातून जाईल असं एसटीएमपी नव्हे, एसएमटीपी प्लगइन (मेल पाठवण्यासाठी वर्डप्रेसला वरून जोडायची सोय) बसवलं (ही अक्षरं अजून बोटांत बसलेली नाहीत), आणि पावत्या त्याच दिवशी इनबॉक्समध्ये पडू लागल्या. तेव्हा राग वर्डप्रेसवर काढण्यात अर्थ नाही. उलट त्याने एकदा आम्हाला वाचवलंय. एका स्वयंसेवकाच्या हातून वार्षिक अहवालाचं अख्खं पान पुसलं गेलं होतं. जुन्या आवृत्त्यांची पट्टी मागे सरकवली आणि आदल्या दिवशीचा मजकूर जसाच्या तसा परत आला. त्या एका सोयीसाठी मी हे साधन सोडणार नाही.

दोन गोष्टी मात्र खटकतात. ‘कॉन्ट्रिब्युटर’ भूमिकेतला माणूस लिहू शकतो, पण फोटो चढवू शकत नाही. शिबिराचा वृत्तान्त फोटोशिवाय कसा लिहायचा? मग त्याला ‘ऑथर’ करावं लागतं, आणि तो न दाखवता थेट प्रसिद्धही करू शकतो. दुसरं, वेळ लावून ठेवलेली पोस्ट कुणी साइटवर आलं तरच निघते. आमच्यासारख्या कमी वर्दळीच्या साइटवर पहाटेची सूचना उन्हं चढल्यावर लागते. सर्व्हरवर खरा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय, लावून घ्या.

चार चांदण्या. आता फॉर्मची प्रत्येक नोंद मेलशिवाय डेटाबेसमध्येही साठते, आणि उत्तर देऊन झालं की ती पुसतो, कारण त्यात लोकांच्या अडचणी आणि फोन नंबर असतात. दर महिन्याला कुणीतरी बाहेरच्या पत्त्यावरून फॉर्म भरून बघतं. होस्टिंगची मुदत संपली की कंपनी बदलणार, वर्डप्रेस तेच राहील.