पेनवाला टॅबलेट: अक्षर लागतं, अटी लागत नाहीत

सोलापूरच्या नवी पेठेतून पेनाने लिहायचा टॅबलेट घेतला. अक्कलकोट रोडच्या चादर कारखान्यात मी हिशेब ठेवतो, टायपिंग जमत नाही. टॅबलेट माझं मराठी बरंच ओळखतो. घाईतला 'ळ' मात्र चुकतो आणि माझा रफार तर त्याला दिसतच नाही. तरी १९९३ साली अ‍ॅपलच्या न्यूटन या पेनाने लिहायच्या छोट्या यंत्राची अक्षर ओळखण्यावरून जी थट्टा झाली, त्यापुढे हे पुष्कळच. पेनाची निब झिजते, पण ती वेगळी विकत मिळते.

खटकला तो करारनामा. पैसे आधी, अटी नंतर! 'मान्य आहे' दाबल्याशिवाय पुढं सरकतच नाही. मशीन आपलं, आतलं सॉफ्टवेअर फक्त वापरायला दिलेलं. दुकानदार म्हणाला, "काका, कोण वाचतंय हे?" मी वाचलं, चष्मा लावून. अटी कंपनी कधीही बदलू शकते, हे पार शेवटी सापडलं.