कोथरूडमधील वन बीएचके : नऊ महिन्यांच्या वास्तव्यानंतर

पुण्यात पौड रस्त्यावरील आनंदनगर मेट्रो स्थानकापासून चालत सात मिनिटांवर असलेल्या, सुमारे तीस वर्षे जुन्या सोसायटीतील दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके मी गेल्या दसऱ्याच्या सुमारास ५८ लाखांना घेतला आणि तेव्हापासून आई व मी तिथे राहतो. आता हिवाळा, उन्हाळा आणि पहिला पाऊस हे सारे या घरात अनुभवून झाले आहे.

जाहिरातीत क्षेत्रफळ ६१० चौरस फूट होते. टेपने मोजल्यावर चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरता येणारी जागा, ४३० भरले. नव्या प्रकल्पांत रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यामुळे चटई क्षेत्र सांगावेच लागते, परंतु जुन्या घरांच्या फेरविक्रीत अजूनही ‘सेलेबल’चा, म्हणजे भिंती, जिना वगैरे धरून फुगवलेला, आकडा पुढे केला जातो, म्हणून मोजमाप केल्याशिवाय भावाची बोलणी सुरू करू नयेत. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर केल्यामुळे मुद्रांक शुल्कात महिलांसाठीची एक टक्का सवलत मिळाली आणि वाचलेले ५८ हजार रुपये न्हाणीघराच्या दुरुस्तीला उपयोगी पडले. ती दुरुस्ती करूनही जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात बाहेरच्या भिंतीला ओल आलीच, कारण दोष आतल्या फरशीत नसून बाहेरून उतरणाऱ्या जुन्या पाइपांत होता. घर पाहायला शक्यतो पावसाळ्यात जावे, असे मला आता मनापासून वाटते.

झोपण्याची खोली पश्चिमेला असल्याने एप्रिल-मेमध्ये रात्री दहापर्यंत भिंती तापलेल्या असतात. पाणी सकाळी दीड तास येते आणि तेवढे पुरते. दुरुस्तीसाठी गुरुवारी पुरवठा बंद असला, तर शुक्रवारीही ते उशिरा व कमी दाबाने येते, हे गृहीत धरून टाकी भरून ठेवावी लागते.

परिसराने मात्र या लहान घराची उणीव भरून काढली आहे. इमारतीला लिफ्ट नाही आणि ३४ पायऱ्या चढताना आईचे गुडघे दुखतात. तरीही तीच आई आता आठवड्यातून दोनदा एकटी मेट्रोने डेक्कनला जाते, कारण स्थानकात लिफ्ट आहे आणि रिक्षावाल्याची मनधरणी करावी लागत नाही. वनाझहून गरवारे महाविद्यालयापर्यंतचा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला आणि २०२४ पासून गाडी थेट रामवाडीपर्यंत जाते, त्यामुळे माझाही कार्यालयाचा प्रवास सोपा झाला आहे. सकाळी म्हातोबा टेकडी, संध्याकाळी भाजी, वाणी आणि औषधांचे दुकान, आणि रविवारी यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात चांगला प्रयोग असला तर तोही, सगळे पायी होते. पौड फाट्याच्या बाजूची संध्याकाळची वाहतूक आणि हॉर्नचा आवाज यांची मात्र सवय होत नाही.

एक गोष्ट मी घेण्यापूर्वी पुरेशी तपासली नाही. सोसायटीचे भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू) हा खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा आणि मिळकतकराची पावती पाहिली. पण जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे विचारले नाही. ती अजून मूळ मालकाच्या नावावर आहे आणि आसपासच्या इमारतींचा पुनर्विकास सुरू असताना आमचा विषय तिथेच अडला आहे. मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे मूळ मालकाच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करण्याचा ठराव मे महिन्याच्या सभेत मंजूर झाला आणि त्याच्या खर्चातील माझा वाटा मी भरला आहे.