नाग नदी समजून घ्यायची असेल तर हा नकाशा घ्या

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे आपली टोपोशीट, विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी केली की पीडीएफमध्ये फुकट मिळते. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि प्रात्यक्षिकाला नागपूरचीच शीट लावते. प्रत्येक नागपूरकराच्या घरी ती असावी, असं मला मनापासून वाटतं. मोबाइलवरच्या नकाशात आपण रस्ते शोधतो. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते इथे कळतं.

वर्गातली पोट्टी नाग नदीला सर्रास नालाच म्हणतात. मी त्यांना ट्रेसिंग पेपर आणि निळी पेन्सिल देते. लाव्याच्या टेकड्यांकडचं पाणी अंबाझरी तलावात उतरतं, सांडव्यावरून बाहेर पडतं आणि पंचशील चौक, मोक्षधाम, अशोक चौक करत भर शहरातून पूर्वेला निघतं. उत्तरेला गोरेवाड्याची पिवळी नदी. ती पारडीच्या पुढे नागला येऊन मिळते. दक्षिणेकडचं पाणी पोहरा नदी घेते. मग नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला. रेघा ओढून झाल्या की पुस्तकातली वृक्षाकार प्रवाहप्रणाली आपल्याच गावची निघते. पारडीच्या एका मुलीने तर दोन नद्यांच्या संगमावर बोट ठेवून, "मॅडम, हे आमच्या घरामागे आहे!" म्हणून अख्खा वर्ग गोळा केला होता.

तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, नक्की बघा. प्रवाह ओलांडताना त्या व्हीसारख्या वळतात आणि व्हीचं टोक उगमाकडे असतं. एवढं एक कळलं की पाण्याची दिशा कुणाला विचारावी लागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरलं. शीटवर सांडवा शोधा, तिथून नदीच्या रेघेवर बोट फिरवा. या वस्त्या बोटाखालीच येतात. घर किंवा प्लॉट घेणाऱ्याने विसार देण्याआधी हे करावंच.

आता मर्यादा. समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर. पूर्व नागपूर इतकं सपाट की दोन रेषांच्या मध्ये कितीतरी मोहल्ले येतात, तिथला दोन मीटरचा खोलगट भाग दिसणारच नाही. दाट वस्तीत बारके ओहळही हाती लागत नाहीत. त्यासाठी पावसाळ्यात पायी फिरायला हवं. शिवाय उगमापासून कन्हानच्या संगमापर्यंत एक शीट पुरत नाही, शेजारची घ्यावी लागते.

प्रिंट ए-फोरवर काढू नका, प्रमाण बिघडतं आणि अक्षरंही वाचता येत नाहीत. मोठ्या कागदावर प्लॉटरने काढून देणाऱ्या दुकानात जा, 'फिट टू पेज' बंद करायला सांगा आणि पैसे देण्याआधी खालच्या प्रमाणपट्टीवर फूटपट्टी ठेवा. एक किलोमीटर बरोबर दोन सेंटीमीटर भरला पाहिजे. रंगीतच काढा, काळ्या-पांढऱ्यात नदी, रस्ता आणि समोच्च रेषा एकमेकींत मिसळतात.