९४ टक्क्यांची हमी देणारा रिपोर्ट

घरात तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचा पेशंट असेल आणि नुसत्या रक्ताच्या तपासणीवर ‘इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) लागू पडणारच’ असं कुणी लिहून देत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे तपासणीचे २२ हजार आणि औषधाच्या अ‍ॅडव्हान्सचे ६० हजार गेले.

माझ्या मोठ्या भावाला गालाचा कॅन्सर. विदर्भात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) किती चालतो, हे नागपूरकरांना सांगायला नको. ऑपरेशन झालं, शेक झाले, तरी मानेत गाठ परत आली. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली. खर्चाचा आकडा ऐकून बाहेर पडलो, तर धंतोलीत औषधांच्या दुकानांपाशी एक माणूस भेटला. गळ्यात कार्ड, हातात फाइल, बोलणं अगदी आदबीचं. “भाऊ, लाखो रुपये घालायच्या आधी सुई लागू होते का नाही ते पाहून घ्या ना. दोन ट्यूब रक्त द्या, लेखी भेटून जाईल.”

प्रश्न खराच आहे, म्हणून हा सापळा इतका घातक. औषध कुणाला लागू पडेल हे आधी ओळखण्यासाठी जगभर संशोधन चालू आहे. हा माणूस मात्र त्याचं तयार उत्तर विकत होता.

रिपोर्ट रंगीत होता, आलेखांसकट. ‘प्रतिसादाची शक्यता ९४ टक्के’. पॅथॉलॉजिस्टची सही नाही, नोंदणी क्रमांक नाही. आमच्या डॉक्टरांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “गाठीचा ब्लॉक कुणी मागितला होता का?”

कुणीच मागितला नव्हता. या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपी ठरवताना जी तपासणी करतात, ती पीडी-एल१ या पेशींवरच्या प्रथिनाची, आणि ती गाठीच्या तुकड्यावर होते. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो. रंग दिल्यावर कॅन्सरच्या आणि आजूबाजूच्या प्रतिकारपेशींपैकी किती रंगल्या ते मोजतात, त्याला कॅन्सरच्या एकूण पेशींनी भागून १००ने गुणतात. हाच सीपीएस. तो जास्त असला तर आशा वाढते, खात्री मिळत नाही. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीनोट-०४८ चाचणीत सीपीएस २० किंवा अधिक असलेल्या रुग्णांमध्येही एकट्या पेंब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने गाठ आकसली ती जेमतेम २३ टक्के जणांची. २०१६च्या चेकमेट-१४१ चाचणीत निवोलुमॅब या तशाच दुसऱ्या औषधाने १३.३ टक्के. मग ९४ आला कुठून?

तोवर त्या माणसाने ‘निम्म्या किमतीत’ औषधाची व्हायलही (बाटली) आणून दिली होती. बिल नाही, आणि पिशवीतल्या बर्फाचं पाणी झालेलं. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावं लागतं. डे-केअरच्या सिस्टरताईंनी खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच नंबर जुळवून पाहिला, जुळला नाही. त्यांनी ती सुई लावायला साफ नकार दिला. त्यांचे उपकार आम्ही कधीच विसरणार नाही. मार्च २०२४मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेली टोळी महागड्या कॅन्सर औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत बुरशीवरचं औषध भरून विकत होती. आमच्या बाटलीत काय होतं, देव जाणे.

त्या माणसाचा फोन आता बंद आहे. पैशांपेक्षा जास्त राग येतो तो वाया गेलेल्या दिवसांचा. त्या दिवसांत दादाच्या मानेची गाठ वाढत होती.

ब्लॉक ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलमध्येच होता, अर्ज केल्यावर मिळाला. खर्चामुळे हात टेकलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना कमी डोसबद्दल जरूर विचारावं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने असाध्य अवस्थेतल्या रुग्णांना तोंडाने घ्यायच्या औषधांबरोबर दर ३ आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब देऊन पाहिलं. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण नुसत्या तोंडाच्या औषधांवर १६.३ टक्के होतं, ते निवोलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्क्यांवर गेलं. दादाचे उपचार आता याच पद्धतीने सुरू आहेत. गुण येईल का, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आम्ही पोलिसांत आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे, व्हायल आणि खोकं जमा केलं आहे. तुमच्याकडे असाच बिनसहीचा रिपोर्ट असेल तर फाडू नका. पैशांची पावती, त्या माणसाचे मेसेज, खोकं, सगळं जपून ठेवा आणि तक्रार द्या. एकाच छापाचा दुसरा रिपोर्ट समोर आला तर आमच्याही तक्रारीला बळ मिळेल.